शब्दकोड्यातले पाणी

शब्दकोडे सोडवणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. वर्तमानपत्र वाचून झाले, गाडीला अजून अवकाश आहे, मग माणूस खिशातले पेन काढतो आणि आडव्या-उभ्या चौकटी भरू लागतो. अभ्यासू विद्यार्थी म्हणवून घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला मलाही मिळालेला आहे. परंतु वाचकहो, ज्या घरात शब्दकोश नाही त्या घरातल्या मुलीला शब्दकोडे म्हणजे काय असते, हे सल्ला देणाऱ्यांना ठाऊक नसावे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. भजी बांधून आलेल्या कागदावरचे कोडे, शेजाऱ्यांकडे दुसऱ्या दिवशी मागायला जायचे ते कोडे, आणि आता महाविद्यालयाच्या वाचनालयातले कोडे, अशा क्रमाने माझा शब्दसंग्रह वाढला. ‘सलिल’ म्हणजे काय, ‘अनिल’ आणि ‘अनल’ यांत फरक काय, ‘वारि’ आणि ‘वारी’ यांचे नाते काय, हे मला कोणी शिकवले नाही. चौकटींनी शिकवले. तेव्हा या लेखात मी शब्दकोड्यांवर टीका करणार आहे ती त्यांच्या ऋणातूनच, हे आधी सांगून ठेवते.

माझ्याकडे एक वही आहे. तीत अडलेले शब्द आणि त्यांची शोधसूत्रे मी उतरवून ठेवते. बारावीच्या सुट्टीत ही वही चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ‘पाणी’ हा शब्द त्या वहीत पानोपानी होता. पण तो सर्वत्र डाव्या बाजूला, म्हणजे सूत्राच्या जागी होता. ‘पाणी’ असे विचारले की चौकटीत भरायचे ‘जल’, ‘नीर’, ‘तोय’, ‘अंबु’, ‘उदक’, ‘सलिल’ किंवा ‘जीवन’. उजव्या बाजूला, म्हणजे उत्तर म्हणून, ‘पाणी’ मला त्या वहीत कोठेही सापडला नाही. जो शब्द आपण झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत उच्चारतो तो कोड्याच्या दाराबाहेर उभा राहून दुसऱ्यांची नावे पुकारतो, आणि आत जाऊन बसतात ते वेगळेच. ‘घर’ विचारले की ‘सदन’, ‘हात’ विचारले की ‘कर’, ‘डोळा’ विचारले की ‘नयन’. सर्वत्र हीच तऱ्हा.

याला कोडे रचणाऱ्याचा आळस कारणीभूत आहे असे मी एकदम म्हणणार नाही. त्याची अडचण खरी आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. ती कोठेही कोणालाही छेद देतात. आपल्याकडे एका घरात एक अक्षर, आणि ते काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्या शब्दात ‘णी’ असेल तर उभ्या शब्दातही ‘णी’च हवा, ‘ण’ चालत नाही, ‘णा’ चालत नाही. जोडाक्षर आले की पंचाईत दुप्पट. त्यामुळे कोडे रचणारा दोन-तीन अक्षरांच्या, शक्यतो मात्रा कमी असलेल्या शब्दांच्या शोधात असतो. ‘जल’, ‘तट’, ‘नर’, ‘कर’, ‘नयन’ असे शब्द त्याला देवासारखे भेटतात. अमरकोशाच्या परंपरेने संस्कृत पर्यायांची मोठी कोठारे भरून ठेवलेली आहेतच. ‘तोय’ हा शब्द मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडून कधी गेला कोण जाणे, पण कोड्यात तो अद्याप धडधाकट आहे.

ही खोड केवळ मराठीची नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन याने जे कोडे छापले ते आजच्या शब्दकोड्यांचे पहिले मानले जाते. चौकटी शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेल्या. त्या पहिल्याच कोड्यात एका ताडाच्या जातीच्या धाग्याचे नाव विचारलेले होते, जे बहुतेक अमेरिकनांनी जन्मात ऐकले नसेल. गंमत अशी की उत्तराची ती तीन इंग्रजी अक्षरे आपल्या लिपीत मांडली तर ‘डोह’ असा शब्द होतो. त्याच कोड्यात ‘हे कोडे कसे आहे’ असेही एक सूत्र होते आणि उत्तर होते ‘कठीण’! पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. कबुतराच्या जातीच्या पक्ष्याचा ‘डव्ह’ हा साधा इंग्रजी शब्द त्या कोड्यात दोनदा उत्तर म्हणून आला होता. एकदा सूत्र होते ‘एक पक्षी’, दुसऱ्यांदा दुसरे. जाणकार याला रचनेतला दोष म्हणतील. मला त्यात एक शक्यता दिसते. शब्द एकच, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. दोन वाटा असू शकतात, तर पाच का असू नयेत?

या प्रश्नाचे उत्तर मला वाचनालयात मिळाले नाही, आमच्या चुलीपाशी मिळाले. आई चौथी शिकलेली. वाचता येते, पण वाचायची सवय नाही. एका संध्याकाळी कोड्यात ‘पाणी’ असे सूत्र होते आणि माझ्या ओळखीचा एकही पर्याय बसत नव्हता. मी सहज तिला म्हटले, “माय, पाण्याला दुसरा शब्द सांग.” ती भाकरी थापत होती. मान वर न करता तिने मलाच उलटे विचारले, “कोन्तं पानी गं माय? प्यायचं का सांडायचं?”

मी गप्प झाले. तिला पर्याय ठाऊक नव्हता. तिला प्रकार ठाऊक होते. मग मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. पिण्याचे आणि सांडायचे, हा पहिला भेद. मग गोडे आणि मचूळ. आजचे ताजे आणि कालचे शिळे. आडातून शेंदलेले. तुरटी फिरवून निवळलेले. टँकरचे, ज्याला पहिले दोन दिवस वास येतो. भात-वरणासाठी चुलीवर उकळत ठेवलेले ते ‘आधण’. तांदूळ धुतलेले ते ‘धुवण’, जे म्हशीला जाते. पुरणाची डाळ शिजल्यावर वरून काढून घेतलेले ते ‘येळवणी’. आंघोळीच्या कढत पाण्यात घालायचे गार पाणी ते ‘इसण’; पुस्तकी मराठीत ‘विसण’. शाळेत असताना मी हा शब्द निबंधात लिहिला होता आणि त्याखाली लाल रेघ आली होती. समासात ‘असा शब्द नाही’ असा शेराही होता. शब्द होता. रोज सकाळी आमच्या मोरीत होता.

आता पाहा, संस्कृत पर्यायांच्या यादीत ‘जल’, ‘नीर’, ‘तोय’, ‘उदक’ यांच्यात व्यवहारापुरता तरी भेद काय आहे? एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी कोणाची तहान कमी-जास्त होत नाही. कवीला वृत्तासाठी त्यांचा उपयोग, कोडे रचणाऱ्याला चौकटींसाठी. परंतु ‘आधण’च्या जागी ‘इसण’ ठेवले तर हात भाजेल. आईच्या शब्दांत माहिती आहे. त्या प्रत्येक शब्दामागे एक काम आहे, आणि ते काम आजवर बहुधा बाईनेच केले आहे. शब्दकोड्यांतून हे शब्द का गळाले, याचे एक कारण मला येथेच दिसते. कोडी रचणारे हात आणि पाणी भरणारे हात निराळे राहिले.

‘येळवणी’ या शब्दाने मला आणखी एक दार उघडून दिले. ‘गुळवणी’ म्हणजे गुळाचे पाणी, ‘चिंचवणी’ म्हणजे चिंचेचे पाणी. या शब्दांच्या शेपटाला जे ‘वणी’ आहे ते दुसरे तिसरे काही नसून आपले ‘पाणी’च आहे; उच्चारता उच्चारता ‘पा’चा ‘व’ झाला. आणि ‘पाणी’ तरी कोठून आला? संस्कृत ‘पानीय’, म्हणजे प्यायचे ते, प्राकृतात ‘पाणिअ’, मराठीत ‘पाणी’. म्हणजे हा शब्द गावंढळ नाही, कुळाने ‘सलिल’च्या बरोबरीचा आहे. फरक इतकाच की ‘सलिल’ देवघरात बसून राहिला आणि ‘पाणी’ दोन हजार वर्षे लोकांच्या खांद्यावरून चालत आला. आपल्या गावाचेही असेच नाही का? सांची आणि भारहूत येथील शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावाचे नाव ‘भोगवर्धन’ असे येते. १९७३ साली मराठवाडा व नागपूर विद्यापीठांनी येथे उत्खनन केले तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे भरपूर अवशेष मिळाले. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी मूर्तीही मिळाली. त्या भोगवर्धनाचे लोकांच्या तोंडी भोकरदन झाले. हे नाव झिजलेले आहे खरे, पण पायरी झिजते ती वापरानेच.

पाण्याचे आणखी एक गणगोत आहे, तेही सांगितले पाहिजे. आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. त्या वाटेने फारसी ‘आब’ आला. आब म्हणजे पाणी. संस्कृत ‘अप्’ आणि फारसी ‘आब’ हे एकाच मूळचे. पाच पाण्यांचा तो पंजाब. फुलाचे पाणी तो मुळातला गुलाब. शेताला पाणी देणे ती आबपाशी. आणि ज्या शब्दासाठी माणसे जीव देतात तो ‘अब्रू’? फारसीत ‘आब-ए-रू’, चेहऱ्यावरचे पाणी! मराठी माणसाने हे समजून घेऊन केले की नकळत, ठाऊक नाही. पण मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी, ‘पाणीदार’ बैल, ‘पाणउतारा’ हे सगळे त्याच कल्पनेतले. कोड्यात ‘प्रतिष्ठा’ या सूत्राला ‘आब’ हे उत्तर मी अनेकदा भरले आहे. ते पाणीच आहे हे भरताना कोठे माहीत होते!

शुद्धलेखनाचा एक चावटपणा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृतात ‘पाणि’ म्हणजे हात; पाणिग्रहण त्यातूनच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार असे तत्सम ऱ्हस्व इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे. झाले! हात आणि पाणी कागदावर एक झाले. ‘चक्रपाणी’मधला पाणी हातात चक्र धरतो, आणि आमच्या आईच्या हातात हंडा. कोडे रचणाऱ्याने ठरवले तर या एका जागेवर केवढे चांगले सूत्र उभे राहील. ‘लग्नात धरतात, दुष्काळात शोधतात’. दोन अक्षरे.

कोणी म्हणेल, शब्दांचे हे खेळ ठीक आहेत, पण एवढा जीव टाकण्यासारखे त्यात काय आहे? कोड्यात ‘पाणी’ आला काय नि ‘जल’ आला काय, नळाला थोडेच येणार आहे! हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. कारण माझ्या मते प्रश्न कोड्यापुरता राहिलेला नाही. कागदावर ‘जल’ आणि तोंडात ‘पाणी’ अशी वाटणी आता सगळीकडे झाली आहे. पूर्वीचे पाटबंधारे खाते आज जलसंपदा विभाग आहे. ‘जलयुक्त शिवार’ झाले. २०१९ साली घरोघरी नळ देण्याची जी केंद्राची योजना निघाली तिच्या नावात ‘जल’ही आहे आणि ‘जीवन’ही, शब्दकोड्यातले दोन पर्याय शेजारी शेजारी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले. पहिल्या फेरीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या गाडीचे नाव ‘जलदूत’. पण ती पाहायला फलाटावर जमलेली माणसे ‘जलदूत आला’ असे म्हणाली असतील, यावर माझा विश्वास नाही. पाण्याची गाडी आली, असेच म्हणाली असणार. आणि याच्या उलट एक गोष्ट पाहा. सरकारलाच जेव्हा लोकांच्या हातून काम करून घ्यायचे होते तेव्हा घोषणा झाली ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. तेथे ‘जल’ चालला नाही. कुदळ मारणाऱ्याला समजेल असा शब्द लागला. टँकरच्या पाठीवरही ‘पिण्याचे पाणी’ असेच रंगवलेले असते.

म्हणजे काम असेल तेथे आपला शब्द, आणि मान असेल तेथे दुसरा. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ही वाटणी फार लवकर कळते. तो वर्गात गप्प बसायला शिकतो ते उत्तर येत नाही म्हणून नव्हे. उत्तर येते, पण ते ‘घरच्या’ शब्दात येते म्हणून. प्रश्नाला हात वर करण्याआधी तो मनात भाषांतर करीत असतो आणि तोवर दुसरा कोणी उत्तर देऊन मोकळा होतो. प्राध्यापक महाशयांनी रागावू नये. हे आपल्याविरुद्ध गाऱ्हाणे नाही. आपल्यापैकी कित्येकांनी हे स्वतः भोगलेले असेल. परंतु ज्याला ‘तोय’ येते तो हुशार आणि ज्याला ‘सोंदूर’ येते तो अडाणी, हा हिशेब कोणी घातला? (मोटेचा जाड दोर तो नाडा आणि बारीक दोर तो सोंदूर. आमच्या आजोबांना विचारा. बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव, आणि मोटेचे पाणी जेथे पडते ते थारोळे, हेही सांगतील. ‘तोय’ मात्र त्यांना माहीत नाही.)

यावर जो सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो असा. वर्तमानपत्र साऱ्या महाराष्ट्रात जाते. ‘इसण’ किंवा ‘येळवणी’ रत्नागिरीच्या किंवा नागपूरच्या वाचकाला कसे सुटावे? प्रमाण शब्द सर्वांना समान, म्हणून तेच न्याय्य. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण ज्याने शब्दकोडी सोडवली आहेत त्याला यातली मेख कळेल. शब्दकोडे आणि शब्दकोश यांत फरकच हा आहे की कोड्यात शब्द एकटा नसतो. आडवा शब्द अडला तर उभे शब्द त्याची अक्षरे आणून देतात. ‘तोय’ मला माहीत नव्हता. ‘तो’ एका उभ्या शब्दाने दिला, ‘य’ दुसऱ्याने, आणि मी तो शिकले. भोकरदनच्या मुलीने छेदणाऱ्या अक्षरांवरून ‘तोय’ शिकावा ही अपेक्षा न्याय्य असेल, तर पुण्याच्या वाचकाने छेदणाऱ्या अक्षरांवरून ‘इसण’ शिकावा ही अपेक्षा अन्याय्य कशी? त्याला तर माझ्यापेक्षा सोपे जाईल. त्याच्या घरी कोश असेल. दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग याच कामासाठी आहेत, त्यांनी नुसते ग्रंथातले शब्द नव्हेत, गावोगावचे शब्द गोळा केले. कोशाने ज्यांना घरात घेतले त्यांना कोड्याने दारात का थांबवावे?

दुसरा एक धोका मात्र मी मान्य करते. साध्या शब्दाचे सूत्र लिहिणे कठीण असते आणि नीट लिहिले नाही तर ते फसवे होते. ‘मुलीचे नाव, दोन अक्षरे’ असे सूत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. रमा, उमा, सीमा, उषा, कोणीही या! असे सूत्र हे कोडे नव्हे, सोडत आहे. आपल्याकडे एके काळी हे प्रकरण थेट न्यायालयात गेले होते. बक्षिसांच्या शब्दकोड्यांना तेव्हा ऊत आला होता. एका सूत्राला दोन-दोन शब्द सारखेच बसावेत, आणि खरा कोणता ते आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल त्याने बक्षीस न्यावे. मुंबई राज्याने १९४८ साली अशा स्पर्धांवर कर व नियंत्रण आणले. १९५२ साली ते राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांनाही लागू केले. केंद्राने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याच्या बक्षिसांना एक हजार रुपयांची मर्यादा घातली. बंगलोरहून अशी कोडी चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९५७ साली निकाल लागला. जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा; जेथे नशिबावर आहे तो जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही. मला कायदा कळत नाही, पण कोड्याच्या सूत्राची याहून चांगली कसोटी मी पाहिलेली नाही. उत्तर सापडल्यावर ‘अरे, हेच तर होते’ असे वाटले तर ते कौशल्य; ‘हे का, ते का नाही?’ असे वाटले तर तो जुगार.

या कसोटीला उतरतील अशी ‘पाणी’ या शब्दाची सूत्रे रचण्याचा मी दिवाळीच्या सुट्टीत प्रयत्न केला. पाठांतराची गरज नाही, संस्कृतची नाही. फक्त मराठी बोलत असले पाहिजे. ‘जोखता येते, पण तराजूत नाही.’ ‘पाहुण्याला दिले तर मान, पैलवानाला पाजले तर हार.’ ‘विहिरीला लागले की पेढे, शहरात गेलेल्या पोराला लागले की काळजी.’ ‘हे वर चढते तेव्हा बैल उतरणीला लागतात.’ हे शेवटचे ज्याने मोट पाहिली आहे त्याला क्षणात सुटते आणि इतरांना सुटत नाही. आजोबांनी ऐकताक्षणी सोडवले आणि वर मलाच विचारले, “ह्यात कोडं काय हाय?” आणखी एक आहे, ते वडिलांनी सुचवले. ते आजवर कोड्याच्या वाटेला गेलेले नाहीत. ‘मोत्यात असते, तलवारीत असते, आमच्या नळात नसते.’ आमच्या गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी येते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला विनोद समजावून सांगायला नको.

‘हात’, ‘तोंड’, ‘कान’, ‘माती’ या शब्दांवरही असेच करता येईल. त्यांचा विस्तार येथे करीत नाही, कारण माझी खरी सूचना वेगळी आहे. आपल्या या वार्षिकांकात कविता असतात, प्रवासवर्णने असतात, अहवाल असतात, छायाचित्रे असतात. पुढील वर्षापासून त्यात दोन पाने शब्दकोड्यांना द्यावीत, आणि ती कोडी विद्यार्थ्यांनीच रचावीत. आपल्याकडे राजूरचे विद्यार्थी आहेत, आन्व्याचे आहेत, हसनाबाद, पारध, वालसावंगीचे आहेत. पिंपळगाव रेणुकाईकडचे आहेत. त्यांनी नुसत्या मिरचीच्या व्यवहारातले शब्द आणले तरी एक कोडे भरेल. पारधकडे बोलीत बुलढाण्याची लकब येते, जालन्याकडे निराळी. प्रत्येकाने आपल्या घरातून दहा शब्द आणायचे. अट एकच, की ते शब्द वापरणारे माणूस घरात हयात असले पाहिजे आणि शब्दाचा अर्थ त्याच्याच तोंडून लिहून घेतला पाहिजे. मराठी विभागाने ते कोशाशी ताडून पाहावेत. कोशात नसतील तर फारच उत्तम.

नमुन्यादाखल सात घरे रुंद नि सात घरे उंच असे एक कोडे मी संपादक मंडळाकडे दिले आहे. जागा मिळाली तर ते याच अंकात येईल. ते रचताना पहिल्याच घराला अडचण आली. आडवा पहिला शब्द, तीन अक्षरी: ‘आंघोळीच्या कढत पाण्यात घालायचे गार पाणी’. कोश म्हणतो ‘विसण’, आई म्हणते ‘इसण’. पहिल्या घरात ‘वि’ लिहावा की ‘इ’? दोन दिवस मी खोडत होते. मग लक्षात आले की उभा पहिला शब्द दोन अक्षरी ठेवला आणि सूत्र दिले ‘गवत कापायचे हत्यार’, तर पुस्तकी बोलणारा ‘विळा’ लिहील आणि आमच्याकडचा ‘इळा’. दोघांचेही पहिले घर जुळते. कोडे दोन्ही रीतींनी सुटते. उत्तरे मराठी विभागात आणून द्यावीत. पहिले घर कोणी कसे भरले ते पाहण्याची मला उत्सुकता आहे.

— द्वितीय वर्ष, कला